नांगी कुणी भरली?

आधीच सांगून ठेवतो. भूत, हडळ, करणी असल्या गोष्टीवर माझा भरोसा न्हाई. आमचं रान मसनवट्याला लागून हाये. जवानीत सरणाच्या उजेडात दारं धरलेत मी, उसाला पाणी दिलंय. कुणी आडवं आलं न्हाई. मेलेलं माणूस गप पडून राहातं. तरास देतात ते जित्ते.

मी चौथीपोतर शिकलेला. हे बी मी हातानं लिहून न्हाई राह्यलो. फोनात बोलतो, फोन लिहितो, आन माझी लेक उषा चुका दुरुस्त करती. तुमच्या ह्या ग्रुपवरचे अनुभव तीच मला वाचून दाखवती. राग मानू नका, पण त्यातले बरेच मला थापा वाटतात. पांढरी साडी काय, पैंजण काय… तसलं माझ्याकडं काहीच न्हाई. माझ्याकडं कॉम्प्युटरची एक डिस्क हाये, ती बी मेलेली. पटलं तर घ्या, न्हाई तर सोडून द्या.

आमचं गाव घनसावंगी तालुक्यात, तीर्थपुरीपासून आत. कपाशी आन ऊस. माझं नाव सखाराम. बायकोचं गोदावरी. ती गेल्या उन्हाळ्यात गेली.

आता मुद्दा असा, की माझं नाव मी बायकोच्या तोंडून कधीच ऐकलं न्हाई. तुम्ही म्हणताल, जुन्या बाया घेतच नव्हत्या नवऱ्याचं नाव. बराबर हाये. पण हिचं औरच होतं. नावाच्या जवळून जाणारा शब्द बी हिला चालत नव्हता. साखरेला ती 'गोड' म्हणायची. "चहात अजून गोड टाकू का?" दुकानात गेली तरी, "किलोभर गोड दे." दुकानदार मुद्दाम चिडवायचा, "मावशी, गूळ देऊ का साखर?" तर म्हणायची, "गूळ पाहिजे असता तर गूळच म्हणले असते ना, मेल्या!"

एकदा दवाखान्यात नर्सनं विचारलं, मालकाचं नाव काय? हिनं माझ्याकडं बोट केलं. नर्स म्हणली, तुम्ही सांगा ना मावशी. ही म्हणती, "का, ते मुके हायेत का?"

उषा लई हसायची. "माय, आता कोण पाळतं गं हे?"

"तू नको पाळू. तू दिवसभर नवऱ्याला नावानं कोकलती, ऐकतो का तो?"

अशी ती बाई. मला हाक मारायची तर "अवं" न्हाई तर "ऐकलं का". रानातून बोलवायचं असलं तर बांधावर उभी राहून नुसती ताटली वाजवायची. मी बी त्याच्यावर खुश होतो. नावानं काय पोट भरतंय?

फक्त एकदा तिनं नाव घेतलं. उषाच्या पोरीचं बारसं आमच्याकडं होतं, त्याला बरीच वर्षं झाली. जावयानं हौसेनं तीर्थपुरीचा शूटिंगवाला आणला होता. आत पाळण्यापाशी बाया, आन मी बाहेर पंगतीत वाढून राह्यल्तो. आतून एकदम हसण्याचा गलका आला. मंग आमची गिरजा वहिनी, माझ्या चुलतभावाची बायको, हातात बुंदीची परात घेऊन बाहेर आली आन सगळ्या पंगतीत ओरडली, "भाऊजी, आज सूर्य कुठून उगवला? गोदानं तुमचं नाव घेतलं!"

पाव्हणे गेल्यावर मी हिला म्हणलं, मला बी ऐकव की. पदर तोंडाला लावून म्हणली, "एकदाच असतं ते. शूटिंग झालीय ना, त्यात बघा."

शूटिंगवाल्यानं सीडी आणून दिली. आमच्याकडं मशीन नव्हती. जिथं होती तिथं लावली तर पाळणा हलायचा आन तिथंच अटकायचं. पुढं जायचंच न्हाई. मंग राहून गेलं. घरात जित्ती बाई फिरत असताना तिचा आवाज सीडीत कोण ऐकत बसतो?

ती गेली, आन मंग कळलं की घरात तिचा आवाज कुठंच न्हाई. फोटो हायेत, त्यात बी तोंड वाकडं. मोबाईल समोर धरला की ती चुलीकडं पळायची. फोनवर बोलायची ते "हां… बरं… ठेव." तेही कुणी भरून ठेवलं न्हाई. मला जेवण गोड लागंना. उषा आष्टीला दिलेली हाये, ती येऊन राह्यली काही दिवस. तिला मी स्वच्छ सांगितलं, मला दुसरं काही नको. तिच्या तोंडून माझं नाव मला एकदा ऐकायचंय. तेवढं मिळालं की मी गप बसतो.

आम्ही शूटिंगवाल्याला गाठलं. त्यानं स्टुडिओ कवाच बंद करून मोटार-पाइपाचं दुकान टाकलेलं. पण जुन्या शूटिंगांची एक डिस्क त्यानं बिस्किटाच्या डब्यात ठेवल्ती. म्हणला, "काका, दुकान बंद केलं तेव्हापासून हिला हात लावला न्हाई. चालली तर तुमचं नशीब." ही गोष्ट ध्यानात ठेवा. स्टुडिओ बंद झाला तेव्हा गोदावरी ठणठणीत होती.

घनसावंगीत स्टँडाच्या मागं नसरीनचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान हाये. उषाच्या वर्गात होती ती. तिनं डिस्क मशीनला जोडली तर आतून आवाज… कट… कट… कट. म्हातारं माणूस जीभ टाळूला लावून चुकचुकतं ना, तसा.

"चाचा, इसमें बॅड सेक्टर हैं," नसरीन म्हणली.

"मराठीत सांग बाई."

ती हसली. "तुमच्या रानात वाफे असतात का न्हाई? तसे ह्या डिस्कवर वाफे असतात. लई बारीक, करोडो. प्रत्येकाला नंबर. त्याला म्हणायचं सेक्टर. एखादा वाफा खराब होतो, तेव्हा डिस्क आधी तोच परत परत वाचून बघती. हा आवाज त्याचाच. एकदा जरी बराबर वाचल्या गेलं, तर आतला माल उचलती आन दुसऱ्या चांगल्या वाफ्यात नेऊन ठेवती. बनवतानाच थोडे वाफे रिकामे राखलेले असतात, ह्याच्यासाठीच. मंग जुन्याचा नंबर नव्याला देऊन टाकती. मालकाला पत्ता बी लागत न्हाई."

"आन वाचल्याच न्हाई गेलं तर?"

"तर लटकवून ठेवती. फेकत न्हाई, घेत बी न्हाई. वाट बघती. त्या जागेवर कुणी नवीन काही लिहिलं, तेव्हाच जुन्याची आशा सोडती. म्हणून मी हिच्यावर एक अक्षर लिहिणार न्हाई. फक्त वाचणार."

मी म्हणलं, "म्हणजे नांग्या भरती म्हण की."

नसरीनला कळलं न्हाई. तुम्हाला बी कळलं नसंल, शहरातल्यांसाठी सांगतो. कपाशी टोबली, म्हणजे एकेक बी मातीत खोचलं, की सगळंच उगवत न्हाई. ओळीत मधी मधी जागा रिकामी राहाती. त्या रिकाम्या जागेला नांगी म्हणतात. हुशार माणूस टोबतानाच पिशव्यात मूठभर रोपं जास्तीची लावून ठेवतो, आन मंग ती नांगीत आणून लावतो. आमच्यात हे काम गोदावरीचं. बांधावर बाभळीच्या सावलीत तिच्या पिशव्या असायच्या. मला न सांगता कवा भरून टाकायची, कळायचं बी न्हाई. पण एक हाये. नांगीचं रोप ओळीत कितीबी सरळ लावा, माहीतगाराला ओळखू येतं. मागून आलेलं असतं. दुसऱ्या झाडांपेक्षा लहान राहातं.

हे ऐकून नसरीन म्हणली, "बिलकुल बराबर. पण चाचा, नांगीत जे बी मेलं ते परत येतं का?"

"मेलेलं कसं येईल? दुसरं लावावं लागतं."

"बस. इथं बी तेच. जागा मिळती, आतलं मिळत न्हाई."

तिची काम करायची रीत मला आवडली. खराब जागेशी कुस्ती खेळत बसायचं न्हाई. आधी चांगलं चांगलं सगळं दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यायचं, मंग खराब जागेकडं परत यायचं. एकदा ह्या बाजूनं, एकदा त्या बाजूनं, थोडं थोडं. तिच्या मशीनवर एक नकाशा होता. उतरलेलं हिरवं, न उतरलेलं लाल.

पुढच्या हप्त्यात तिनं बोलावलं. बारसं बरंचसं उतरलं होतं. पाळणा आला, गिरजा वहिनी आली, आन मंग गोदावरी. हिरवं लुगडं, कपाळाला आडवं कुंकू. किती दिवसांनी तिला हलताना बघितलं. बाया मागं लागल्यात, घ्या की वो, घ्या की. ती नको नको म्हणती आन मंग एकदम खणखणीत आवाजात:

"काळ्या रानात पिकला पांढरा कापूस…"

आन चित्राचे चौकोन चौकोन झाले. आवाज बंद. एक दम घेण्याइतकी जागा कोरी. मंग परत,

"…नाव घेते, नातीच्या बारशाची लई हौस!"

बाया हसल्या. मी काही हसलो न्हाई.

उषा रडायला लागली. नसरीननं नकाशा दाखवला. सगळं हिरवंगार, आन बारशाच्या मधोमध एक लाल ठिपका. मी म्हणलं, "एवढ्या मोठ्या डिस्कवर किडीला दुसरी जागा घावली न्हाई का?"

"तोच तर वांधा हाये, चाचा. डिस्कला काय माहीत कुठलं नाव आन कुठला गलका? थोडे दिवस अजून द्या. कधी कधी देती ती."

मी गावाकडं आलो आन गिरजा वहिनीकडं गेलो. तिला कमी ऐकू येतं पण आठवण पक्की. म्हणलं, "वहिनी, गोदानं नाव कसं घेतलं होतं तेव्हा?"

"कसं म्हणजे? तोंडानं."

"आवाज कसा होता, ते विचारून राह्यलो."

"भाऊजी, येड लागलंय का तुम्हाला?" म्हणली. मंग माझ्या तोंडाकडं बघून नीट बसली. "खणखणीत घेतलं. सखारामाचं, असं. आन घेतल्यावर सगळे दात काढून हसली."

ही दुसरी गोष्ट ध्यानात ठेवा. दात. कारण जायच्या आधीच्या वर्षी गोदावरी हौदापाशी घसरून पडली आन तिचे पुढचे वरचे दात गेले. कवळी बसवू म्हणलं तर, "ह्या वयात कोणाला दाखवायचेत?" तवापासून तिला स म्हणता येत नव्हता. दातातून हवा सुटायची, बारीक शिट्टी वाजल्यासारखी. आवाज बी खोल गेल्ता, दम लागून बोलायची. नात तिची नक्कल करायची आन ती बी हसायची.

नसरीनचा फोन आला तेव्हा तिच्या आवाजावरूनच समजलं. उषाला घेऊन मी गेलो. सकाळचीच वेळ, बाहेर जीपवाला घसा फोडून गिऱ्हाइकं बोलावून राह्यल्ता. नसरीन म्हणली, "चाचा, डिस्क गेली. आता फिरतच न्हाई. ती जागा शेवटपोतर वाचल्या गेली न्हाई. जेवढं उतरलं तेवढं पेन ड्राइव्हमधे दिलंय."

"त्या जागी काय हाये मंग?"

"काही न्हाई. शून्य भरलंय. न वाचलेल्या जागी मशीन शून्य टाकती."

"नांगी तशीच राह्यली म्हण."

"तशीच राह्यली, चाचा. माफ करा."

मी म्हणलं, माफी कशाची, तू काय किडे सोडले का तिच्यात? लावून दे एकदा, बघतो आन जातो. तिनं लावलं. पाळणा, वहिनी, हिरवं लुगडं. बायांचा कालवा. "काळ्या रानात पिकला पांढरा कापूस…"

चौकोन चौकोन झाले. बायांचा कालवा एकदम बंद.

आन त्या कोऱ्या जागेतून आवाज आला.

"सखाराम."

मी "ओ" म्हणलं. विचार करून न्हाई म्हणलं. तोंडातून निघून गेलं.

मंग परत कालवा, "…नाव घेते, नातीच्या बारशाची लई हौस!" आन बाया हसल्या.

नसरीननं ओढणी डोक्यावर घेतली. तिनं मागं नेऊन परत लावलं. परत आलं. "सखाराम." स जवळ ती शिट्टी. आवाज खोल, दम लागलेला. मागं एक बाई न्हाई, पाळण्याची कुरकुर न्हाई, काहीच न्हाई.

उषानं माझा दंड धरला. "दादा… हा पडल्यानंतरचा आवाज हाये."

मला तिनं सांगायची गरज नव्हती.

नसरीन बिचारी किती तरी वेळ मशीनमधे खुपसून बसली. नकाशा उघडला, ठिपका लालच होता. "ये पढ़ा ही नहीं गया," ती आपल्याशीच म्हणून राह्यल्ती. मला म्हणली, चाचा, कधी कधी दुसऱ्या फाइलचा तुकडा घुसतो. मी म्हणलं, घुसू दे. पण कोणत्या फाइलचा? ती डिस्क डब्यात बंद होती तेव्हा हिचे दात तोंडात होते. आन पडल्यानंतर हिनं माझं नाव घेतलं कवा? कुणापाशी? साखरेला गोड म्हणणारी बाई ती. तुझ्या मशीनवर दुसरीकडं कुठं तिचा आवाज हाये का? तिनं सगळं शोधलं. न्हाई म्हणली.

जावई माझ्यासारखाच, असल्या गोष्टी न मानणारा. उषा त्याला म्हणली, तुम्ही काही न विचारता ऐका. त्याला फक्त तेवढाच तुकडा ऐकवला, चित्र न दाखवता. त्यानं कान लावला आन म्हणला, "मामींचा आवाज हाये. शेवटचा दिसतोय, दात गेल्यावरचा. कवा भरून घेतला तुम्ही?" उषानं सांगितल्यावर त्यानं तुकडा परत लावून ऐकला. मंग म्हणला, काही तरी कारण असंल. मी बी तेच म्हणतो. काही तरी कारण असंल. शिकलेली माणसं असताल तुमच्यात, कॉम्प्युटरवाली असताल, सांगा. मला राग येणार न्हाई. पण "मनाचे खेळ" असं नका लिहू. नसरीननं माझ्या बायकोला जन्मात बघितलं नव्हतं, आन शिट्टी तिनं बी ऐकली.

पेन ड्राइव्ह देव्हाऱ्यात बिव्हाऱ्यात ठेवला न्हाई. कपाटात हाये, तिच्या लुगड्याच्या घडीत. अजून वाजतो, तसाच. पहिले पहिले रोज लावायचो. आता न्हाई.

यंदा कपाशीला नांग्या लई पडल्या. पिशव्यातली रोपं आता मीच लावतो. भरून झाल्यावर ओळीकडं बघत बांधावर बसलो होतो. नांगीचं रोप दुसऱ्या झाडांपेक्षा लहान असतं, असं मी वर सांगितलं. आमच्या बारशात उलटं झालंय. सगळी ओळ जवान, आन नांगीतलं तेवढं म्हातारं. असं रोप कुणाच्या पिशवीत असतं? मला उगवतीपासून मावळतीपोतर शेती कळती, पण हे कळलं न्हाई.

अजून एक सांगतो आन थांबतो. मला तिनं घेतलेलं नाव ऐकायचं होतं. उखाण्यातलं. घेतलेल्या नावाला एक चाल असती, लाज असती, पुढं मागं शब्द असतात. हे तसं नव्हतं. कान देऊन ऐका, कुणाला पाहिजे तर पाठवतो. हे घेतलेलं नाव न्हाई. ही हाक हाये. बांधावरून मारती तशी. ताटली हाताशी नव्हती म्हणून नावानं मारली म्हणा.

आन हाक मारली की माणूस पुढं सांगतं, काय काम हाये ते. जेवायला या, बैल सुटला, पाणी आलं… काही तरी. मी ओ दिली. तिनं पुढं काहीच सांगितलं न्हाई.

काय काम होतं, तेवढंच डोक्यात फिरतंय.